काना, मात्रा आणि वेलांटी यांना शब्दात राहू देण्याबाबत

प्रति,
मा. वितरण अधिकारी,
साहाय्यक उपकरणे विभाग,
चौथा मजला (लिफ्ट बंद असल्याने जिन्याने)

विषय : बोलत्या यंत्राचे सील उघडून त्यातील लेखन-प्रणालीत एक ओळ वाढविण्यास, येत्या शुक्रवारच्या तपासणीपूर्वी, परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे अर्ज, जे आपल्याकडे पोचले आहेत असे खालच्या खिडकीचे म्हणणे आहे.
२) तपासनीस साहेबांचे दोन अहवाल.
३) अधिकाऱ्यास एकेरी संबोधल्याबद्दल मला मिळालेली लेखी समज.

महोदय,

१. अर्जदार लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. अर्जदाराची पत्नी शिवणकेंद्रात कापणी व शिलाईचा वर्ग घेते. गेल्या वर्षी तिच्या घशाची शस्त्रक्रिया होऊन स्वरयंत्र काढावे लागले. आजार गेला, त्याच्याबरोबर आवाजही गेला. आपल्या कार्यालयाने तिला बोलते यंत्र दिले, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. हे आभार मनापासून आहेत आणि पुढे अर्जात जे काही येईल त्यामुळे ते रद्द समजू नयेत. (यापुढे 'मी' असे लिहितो. मागच्या अर्जांत 'अर्जदार' लिहून लिहून हात दुखला आणि त्याने काही फरकही पडला नाही.)

२. मुद्द्याचे आधी लिहितो, कारण मागचे अर्ज शेवटपर्यंत कोणी वाचले नसावेत. येत्या शुक्रवारी पत्नीची तिसरी आणि अखेरची तपासणी आहे. तीत तिला यंत्राद्वारे नीट बोलता येते असे ठरले नाही, तर शिवणकेंद्र तिचा वर्ग दुसऱ्या बाईंना देणार आणि तिच्या कागदांवर 'आकलनक्षमता संशयास्पद' असा शेरा कायमचा बसणार. माझ्या पत्नीचे आकलन उत्तम आहे. कित्येकदा मला ते जरा कमी असते तर बरे असे वाटलेले आहे. बिघाड यंत्राच्या आकलनात आहे, आणि तो दुरुस्त करायला एक ओळ पुरते.

३. यंत्र पाटीएवढे आहे. पत्नी त्यावर टाइप करते, मजकूर पडद्यावर उमटतो, आणि एक शब्द पूर्ण झाला की यंत्र तो मोठ्याने म्हणते. आता शब्द पूर्ण झाला हे यंत्राला कळते कसे, इथेच घोडे पेंड खाते. माझी भाची संगणकाच्या कामात आहे. तिने दोन संध्याकाळी आमच्याकडे बसून मला जे समजावले ते माझ्या शब्दांत देतो, चूक असल्यास ती माझी.

लेखन-प्रणाली आलेल्या प्रत्येक चिन्हाचा आधी वर्ग ठरवते. एक वर्ग अक्षरांचा. एक आकड्यांचा. एक मोकळ्या जागेचा, त्यात नवी ओळही आली. आणि या तिन्हींत जे बसत नाही ते 'इतर', म्हणजे स्वल्पविराम, कंस, तारका, टक्क्याचे चिन्ह वगैरे मंडळी. एकाच वर्गाची चिन्हे येत आहेत तोवर तो एक शब्द. वर्ग बदलला की शब्दाची हद्द आली असे समजून यंत्र मागचे बोलून मोकळे होते. पद्धत वाईट नाही. ज्या लिपीत स्वरसुद्धा अक्षर म्हणून रांगेत उभे राहतात तिथे ती बिनबोभाट चालते. आपल्याकडे काना अक्षराला टेकून उभा असतो, मात्रा त्याच्या डोक्यावर बसते, उकार पायाशी लोळतो. ज्याने कोणी यंत्रासाठी अक्षरांची यादी केली त्याने क, ख, ग घेतले, अ, आ, इ घेतले आणि हात झटकले. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायचे चिन्ह, या सगळ्यांची रवानगी 'इतर'मध्ये झाली. भाची म्हणाली, "मामा, याच्या हिशेबी काना आणि कंस एकाच पंगतीला बसलेत."

'थांब' हा शब्द घ्यावा. थ आला, तो अक्षर. मग काना आला, तो इतर. वर्ग बदलला, म्हणून यंत्र 'थ' म्हणाले. मग अनुस्वार, तोही इतर, आणि इतरांना उच्चार नसल्याने यंत्र गप्प. मग ब आला, आणि त्यापुढे मोकळी जागा येऊन पुन्हा वर्ग बदलला, तेव्हा यंत्र 'ब' म्हणाले. पडद्यावर 'थांब' अगदी स्वच्छ दिसते. कानावर पडते ते 'थ', आणि जरा थांबून 'ब'.

माझ्या धंद्यातले सांगायचे तर मजला आला की दार उघडायचे, एवढेच लिफ्टला कळावे लागते. ही लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, समोर विटांची भिंत असताना दार उघडते आणि म्हणते, उतरा.

४. एकदा हद्द चुकली की ती सगळीकडे चुकते. यंत्रावर 'मागचा शब्द पुसा' अशी कळ आहे. ती दाबली की शब्दाचे एक टोक तेवढे पुसले जाते आणि बाकीचा शब्द पाय तुटल्यासारखा तिथेच राहतो. शब्दावर दोनदा बोट टेकले तर तो अख्खा निवडला जावा अशी सोय आहे. तिथेही एखादे अक्षर चिमटीत येते आणि त्याचा काना मागे राहतो. आपले आकडे तर यंत्राने आकड्यांतही घेतलेले नाहीत, तेही इतर. पत्नी विद्यार्थिनीला छातीचे माप सांगते तेव्हा मापाच्या जागी शांतता पसरते.

५. हे सगळे चेष्टेवारी नेता आले असते, पण वर्गात एक प्रकार घडला. पत्नीकडे एक नवीन विद्यार्थिनी आली होती, दोन मुलांची आई, हात जरा घाईचा. बाहीची गोलाई शिवताना तिचे बोट सुईकडे सरकताना पत्नीने समोरून पाहिले. पूर्वीची गोष्ट असती तर पत्नी 'थांब' म्हणाली असती. तिच्या त्या शब्दाने रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा ब्रेक लावत असे, हे मी अतिशयोक्ती न करता लिहितो. आता तिने 'थांब' टाइप केले. यंत्र 'थ' म्हणाले. त्या बाईंनी शिवता शिवता मान वर केली, बाई काय म्हणताहेत म्हणून. पाय मशीनवरच होता. सुई नखातून गेली.

जखम फार मोठी नव्हती. त्या बाई पुढच्या आठवड्यात बोटाला पट्टी बांधून आल्या आणि म्हणाल्या, "चूक माझीच होती हो बाई, मी बघायला नको होतं वर." पत्नीने ते मानले नाही. त्या दिवशी तिने यंत्र कपाटात अस्तराच्या कापडांखाली ठेवले. तेव्हापासून ती वर्गात लोखंडी पट्टी टेबलावर आपटते. एकीला थांबवायचे तर सगळ्या दचकतात आणि सगळ्या मशीनी थांबतात. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिचा तळहात लाल झालेला असतो. मी तेल लावून देतो. तेवढ्या वेळात आमच्यात काही बोलणे होत नाही, आणि हे लिहिताना मला फार वाईट वाटते आहे.

आपण म्हणाल, मग बाईंनी लिहून दाखवावे. घरी ती तेव्हा लिहूनच दाखवत असे. पण शिवताना खाली घातलेली मान लिहिलेले कसे वाचणार? आणि तपासणीच्या नियमात 'हस्तलिखित संभाषण ग्राह्य नाही' असे आहे.

६. पहिली तपासणी. तपासनीस साहेब सज्जन आहेत, हे नमूद करतो. त्यांनी नाव विचारले, नावाऐवजी सुटी अक्षरे ऐकली. आज वार कोणता असे विचारले, तो मंगळवार होता, यंत्र म्हणाले 'म', मग 'गळव', मग 'र'. तिसरा प्रश्न, हे काम पुढे करायची इच्छा आहे का. पत्नीने 'हो' टाइप केले. यंत्र म्हणाले 'ह'. अहवालात लिहिले आहे, 'तिसऱ्या प्रश्नास लाभार्थीने हसल्यासारखा आवाज केला.'

मी त्यांना म्हणालो, "साहेब, पडद्यावर बघा ना, सगळं नीट लिहिलंय." ते म्हणाले, "दिसतंय हो मला. डोळे शाबूत आहेत माझे. पण माझा रकाना ऐकण्याचा आहे, वाचण्याचा नाही." त्यांनी पत्नीकडे बघून हात जोडले आणि 'उच्चार तुटक व अर्थहीन' असे लिहिले.

७. त्यानंतर पत्नीने जे केले ते केवळ तिलाच सुचू शकते. कमी कापडात बाही बसवायची तिची जन्माची सवय. तिने ठरवले की यंत्रावर ज्यात काना-मात्रा लागत नाहीत तेवढेच शब्द वापरायचे. ते अखंड उच्चारले जातात, कारण सगळी चिन्हे एकाच वर्गातली. असे शब्द आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. वर्गासाठी तर फारच सोयीचे निघाले : 'सरळ धर', 'वर बघ', 'कड मऊ कर', 'परत उसव'. यंत्र कपाटातून बाहेर आले, 'थांब'साठी मात्र पट्टी राहिलीच. विद्यार्थिनींना वाटले, बाई परत आल्या.

पण घरात निराळीच पंचाईत झाली. आपण जाणताच, मोठ्या माणसाला आदराने काही सांगायचे तर शेवटी काना लागतो. 'उठा', 'बसा', 'चला'. काना यंत्राला चालत नाही. त्यामुळे आयुष्यभर मला अहो-जाहो करणारी माझी पत्नी सकाळी मला म्हणू लागली, 'उठ.' मग, 'नळ बघ.' मग, 'कप भर. गरम कर.' माझी थोरली बहीण आमच्याकडे राहायला आली होती. मी पेपर वाचत काहीतरी बडबडत होतो, तेव्हा यंत्र शांतपणे म्हणाले, 'गप बस.' बहिणीने हातातला घास ताटात ठेवला. त्या रात्रीच तिला घरच्या कामांची आठवण झाली आणि ती गेली. मला स्वतःला त्या एकेरीचा राग येत नव्हता. लग्न झाल्यावर इतक्या वर्षांनी कोणी आपल्याला 'चल' म्हणते, यात मला थोडी गंमतच वाटत होती. पण पत्नीला नव्हती वाटत. प्रत्येक वेळी यंत्राने 'उठ' म्हटले की ती पदराने पडदा पुसायची, जसे काही त्यावर डाग पडला आहे.

आणि 'हो' नाही, 'नाही' नाही, 'मी' नाही. तिला घरात मी म्हणता येत नव्हते. नात्यांपैकी 'आई' तेवढे अखंड निघते, कारण दोन्ही पूर्ण अक्षरे आहेत. पण तिची आई केव्हाच गेली, आणि आम्हाला मूल नाही, त्यामुळे तो शब्द घरात कोणाच्या उपयोगाचा नव्हता.

८. दुसरी तपासणी या शब्दांत पार पडली. तपासनीस साहेब दारात उभे, पत्नीने त्यांचे स्वागत केले, 'बस.' काम पुढे करायचे का, तर 'सहज.' यंत्राबद्दल मत काय, तर 'बदल. लवकर बदल.' मी चहा आणायला आत जावे असे तिला वाटले, तर मला 'उठ.' तपासनीस साहेब हसले, मीही हसलो, आम्हाला वाटले जमले. अहवाल आला तो असा : 'शब्दसंग्रह अत्यंत मर्यादित. केवळ आज्ञार्थी बोलणे. तपासनिसास व पतीस अरेतुरे. वृत्ती आक्रमक. भावना व्यक्त करण्याची क्षमता आढळली नाही. वार सांगता आला नाही.' वार सांगता येणार कसा? 'वार' या शब्दातच काना आहे. आठवडाभर कुठल्याही दिवशी विचारले तरी तिला वार सांगता येणार नव्हता.

९. आपल्या सूचनेप्रमाणे यंत्र पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे तक्रार केली. त्यांचा माणूस आला, खुर्चीवर बसला, यंत्रात त्याने 'हॅलो वन टू थ्री' असे परक्या लिपीत लिहिले. यंत्र ते खणखणीत बोलले. त्याने 'यंत्र चालू स्थितीत' यावर माझी सही मागितली. मी म्हणालो, आमच्या लिपीत लिहून बघा. तो म्हणाला, "काका, तो भाषेचा प्रश्न आहे, यंत्राचा नाही. भाषा आमच्या करारात येत नाही." मी विचारले, मग कोणाच्या करारात येते? तो म्हणाला, "ते वर विचारा." मी वर विचारले. वर म्हणजे आपण.

१०. आपल्या कार्यालयाने सांगितले की तक्रार संगणकावरच्या खिडकीतून यावी, शब्दमर्यादा पाळावी. मी पोस्टकार्डावर मावेल एवढी तक्रार लिहिली. उत्तर आले, शब्दमर्यादा ओलांडली. निम्मी केली, तरी ओलांडली. भाचीने बघितले तर ती खिडकीही त्याच ठेकेदाराची, त्याच यादीवर चालणारी. प्रत्येक काना तिला शब्दाची हद्द वाटत होता, माझा एकेक शब्द ती तीन-तीनदा मोजत होती. मी काटछाट करत करत शेवटी पत्नीच्याच युक्तीवर आलो आणि ज्यात काना-मात्रा नाही असे लिहिले : 'मदत कर. लवकर कर.' हे स्वीकारले गेले. त्यावर मला संदर्भ क्र. ३ ची समज मिळाली की, अर्जदाराने अधिकाऱ्यास एकेरी संबोधून उद्धट भाषा वापरली, पुन्हा असे झाल्यास अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत.

महोदय, मला 'करा' लिहायचे होते. आपल्याच खिडकीने ते लिहू दिले नाही. म्हणून हा अर्ज कागदावर, हाताने लिहीत आहे. कागद शब्द मोजत नाही.

११. आता उपाय. यंत्रातच एक पान आहे, त्यावर 'शब्दात धरावयाची जादा चिन्हे' अशी रिकामी ओळ आहे. तिथे आपल्या या सगळ्या खुणा आणि आपले आकडे भरले की यंत्र त्यांना शब्दाच्या आत मोजते आणि मध्येच तोडत नाही. यंत्र बनवणाऱ्यांना कल्पना असावी की कोणाला तरी याची गरज पडेल. भाचीने दुसऱ्या एका यंत्रावर करून दाखवले, पाणी पिऊन होईपर्यंत काम झाले. परंतु हे पान कुलपात आहे. कुलूप उघडण्यासाठी यंत्राच्या पाठीवरच्या बारीक छिद्रातली कळ दाबावी लागते, आणि त्या छिद्रावर आपल्या कार्यालयाचे सील आहे. सीलवर छापले आहे, 'तुटल्यास उपकरण परत घेतले जाईल.'

१२. या परवानगीसाठी मी आपल्याकडे किती हेलपाटे घातले ते लिहीत नाही. प्रत्येक वेळी जिना चढतो आणि बंद लिफ्टच्या दारासमोरून जातो. तिचा दोष मला आवाजावरून माहीत आहे, दाराच्या कडीत कचरा अडकला आहे, अर्ध्या तासाचे काम. करून देतो म्हणालो. त्यासाठीही अर्ज द्या म्हणाले. चौथ्या मजल्यावर आपल्या खोलीबाहेरचा बाक आता मला ओळखतो. आपण दौऱ्यावर असता, बैठकीत असता, नुकतेच गेलेले असता. मी आपल्यावर रागावलेलो नाही. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते. माझी सगळी जिन्यात गेली.

तरी विनंती अशी, की सील उघडण्यास शुक्रवारच्या आत परवानगी द्यावी, किंवा आपला माणूस पाठवून त्याच्या हातून ही ओळ भरून घ्यावी. परवानगी न मिळाल्यास शुक्रवारी माझी पत्नी पुन्हा त्या तपासनीस साहेबांसमोर बसेल आणि तिचे शहाणपण 'थ' आणि 'ब'मध्ये ऐकले जाईल. आजवर तिने शिकवलेल्या बायका आज शहरभर दुकाने टाकून बसल्या आहेत. तिला स्वतःला वेडी ठरवताना ऐकावे लागू नये, एवढेच माझे मागणे आहे.

(येथवरचा मजकूर सोमवारी लिहिला. पुढील मजकूर बुधवारचा आहे, शाई बदलली आहे ती त्यामुळे.)

१३. मंगळवारी हा अर्ज घेऊन आलो होतो. आपण बैठकीत होता. खिडकीवरच्या बाईंनी सांगितले की सीलबाबतचे अर्ज फक्त बुधवारी घेतात. आज बुधवारी आलो तर सील हा विषय दुसऱ्या विभागाकडे गेल्याचे कळले, आणि तो विभाग सोमवारी सुरू होणार आहे. मी अर्ज घेऊन घरी परत आलो आणि टेबलावर ठेवला. भाची आलेली होती. पत्नीने अर्ज उघडला आणि उभ्याने वाचायला घेतला.

कलम ५ पर्यंत तिचा चेहरा नेहमीसारखा होता. ते कलम तिने दोनदा वाचले. मग तिने स्वतःचा तळहात उलटा करून पाहिला, आणि अर्ज तसाच ठेवून शिवणाची पेटी आणली. टाके उसवायचे तिचे एक छोटे टोकदार हत्यार आहे. उत्तम कापडाला ओरखडाही न काढता ती त्याने शिवण उसवते. तिने यंत्र पालथे घातले आणि आपले सील उसवले. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत झालेही. मग तिने एक सुई घेतली, छिद्रात घातली आणि भाचीकडे पाहिले. भाचीने माझ्याकडे पाहिले. मी काय सांगणार? मी खिडकीकडे पाहिले.

ओळ भाचीने भरली. पत्नीने यंत्र स्वतःकडे ओढले. मी टेबलावरचे कागद वाऱ्याने उडतील म्हणून खिडकी लावायला उठलो, आणि मागून यंत्र म्हणाले,

"थांब."

महोदय, तो आवाज तिचा नाही. यंत्राचा तो सपाट, सर्दी झाल्यासारखा आवाज. पण शब्द अखंड होता, मध्ये कुठेही दार उघडले नाही. भाचीचा हात कपावर तसाच राहिला. मी एक पाय उचललेला तसाच थांबलो. मग पुन्हा कळा वाजल्या आणि यंत्र म्हणाले, "तुम्ही नव्हे. तुम्ही बसा."

मी बसलो. मला 'तुम्ही' म्हटले गेल्याला किती महिने झाले होते ते माझ्या लक्षात आले नव्हते. मला रडू आले आणि मी ते लपवले नाही, कारण भाची घरचीच आहे. यानंतर पत्नी बराच वेळ बोलली. मोकळी वाक्ये, लांब लांब, हो-नाहीसकट. ती काय बोलली हे खासगी असल्याने अर्जात देत नाही. एवढेच नमूद करतो की त्यात माझ्या घोरण्याबद्दलची साठलेली सगळी थकबाकीही होती. आणि मग जेवताना तिने मला 'चला' म्हटले. 'चल'ची मला थोडी आठवण येईल, हे मी तिला सांगितलेले नाही.

१४. सबब, या अर्जाच्या विषयात पुढीलप्रमाणे बदल समजावा : 'परवानगी मिळणेबाबत'च्या जागी 'सील तुटल्याची माहिती देणेबाबत'. सील अर्जदाराने तोडले असे मी येथे लिहिले होते. पत्नीने ते वाक्य स्वतः खोडले आहे. 'क्षमा असावी' हेही तिनेच खोडले. आता विनंती एवढीच उरते.

नियमाप्रमाणे यंत्र परत घ्यायला आपला माणूस येईल, हे आम्हाला माहीत आहे. शुक्रवारची तपासणी होईपर्यंत त्याला पाठवू नये. तपासनीस साहेबांना अवश्य पाठवावे, त्यांचा ऐकण्याचा रकाना घेऊन. त्या दिवशी वार सांगितला जाईल.

आणि तरीही आधीच कोणी यंत्र न्यायला आलाच, तर पत्नी उद्यापासून यंत्र घेऊन वर्गात आहे, तो तिथे येईल. बोट शिवलेल्या त्या बाई पहिल्या मशीनवर बसतात. तो दारातून आत पाऊल टाकेल तेव्हा माझी पत्नी मान वर करेल आणि 'थांबा' असे, आदरपूर्वक, म्हणेल. पूर्वीचा अनुभव पाहता तो थांबेल.

आपला
(यानंतरचा 'नम्र' पत्नीच्या सूचनेवरून कमी केला आहे)

(सही)
अर्जदार, लिफ्ट दुरुस्ती कारागीर

वरील मजकूर वाचला. खरा आहे. सील मी तोडले.
(सही)
अर्जदाराची पत्नी, शिवणशिक्षिका

दिनांक : बुधवार

सोबत :
१) तपासनीस साहेबांचे दोन अहवाल व संदर्भ क्र. ३ ची समज.
२) आपल्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करू देण्याबाबतचा स्वतंत्र अर्ज.
३) सील, दोन तुकडे, पाकिटात. परत पाठवू नये.